डावं-उजवं

बडोद्यात अकोट्याच्या पुलावर संध्याकाळी माझ्या डोळ्यात किडा गेला. एवढंच झालं. दिवेलागणीला विश्वामित्री ओलांडणाऱ्या कुठल्याही दुचाकीवाल्याच्या डोळ्यात तो जातो, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की वर्गातल्या मुलांना, शेजारणींना आणि एकदा तर दारात आलेल्या गॅसवाल्यालाही मी वर्षानुवर्षं बजावत आले आहे : तो बारीक, लाल-काळा, मुंगीसारखा दिसणारा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू मात्र नका, त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. आणि मी, त्याच किड्याच्या कुळावर अर्धं आयुष्य घालवलेली बाई, कायनेटिक कशीबशी कठड्याशी लावून पदर बोटाला गुंडाळला आणि डोळा खसाखसा चोळला. डोळ्यात आग उतरली तेव्हा भान आलं. पदर उलगडून पाहिला तर तो तिथं चेंगरलेला, शेपटी अजून वर उचललेली. आमच्यातलाच एक. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि डोळा तसाही गळत असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, शुं थयुं बेन? मी म्हटलं, जीवडुं, म्हणजे किडा. तो मान हलवून निघून गेला. खरं म्हणजे त्याला दिलेलं उत्तर अगदी पूर्ण होतं. त्या दुपारी मला जे झालं होतं तेही जीवडुंच होतं.

दुपारी देवेंद्रचा फोन आला होता. माझा नवरा गोरव्याला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची जर्मनांशी भागीदारी झाली आणि ऑफिसात फॅक्स आला, तेव्हापासून माझा परदेशी पत्रव्यवहार त्या व्हॉल्व्हच्या कोटेशनांच्या मधून जातो-येतो. डिपार्टमेंटात फोन एकच, तो हेड त्रिवेदीसाहेबांच्या टेबलावर. त्यांच्या समोर उभी राहून, कानाला रिसीव्हर लावून मी ऐकत होते, आणि देवेंद्र पलीकडून फॅक्स वाचत होता, मधे मधे अडखळत, कारण त्यातले लॅटिन शब्द त्याला झेपत नव्हते. डॉ. ब्राउनफेल्स यांनी मी पाठवलेलं भुंगेऱ्याचं चित्र पाहिलं होतं. आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या या गटात जगात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. त्यांचं म्हणणं असं, की हा भुंगेरा नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी निलगिरीतून वर्णन केलेलीच ही जात आहे, नराच्या अवयवाचं तुमचं चित्र त्या जुन्या चित्राशी तंतोतंत जुळतं, आकडा तसाच डावीकडे वळलेला आहे. शेवटी एक वाक्य होतं, की आपण नाउमेद होऊ नये. ते वाक्य देवेंद्रनं अगदी हळू वाचलं. मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला. त्रिवेदीसाहेबांना माझ्या चेहऱ्यावरून सगळं समजलं. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "बेन, मन पर ना लेशो." मग पेपरवेट इकडचा तिकडे करत त्यांनी विचारलं, की मग खोलीचं काय ते दिवाळीआधी ठरवून टाकायचं का?

खोली म्हणजे किडे ठेवलेली खोली. माझ्या आधीच्या आणि त्यांच्याही आधीच्या लोकांनी जमवलेल्या लाकडी पेट्या, डांबरगोळ्यांचा वास, उत्तरेकडची एक खिडकी. ती खोली आता बायोटेक्नॉलॉजीला हवी होती. फी भरून येणारी मुलं तिकडे होती, एसी तिकडे लागणार होते, आणि किडे मोजत बसणाऱ्या बाईकडे गेल्या कित्येक वर्षांत एक विद्यार्थी टिकलेला नव्हता. मी स्वतःच एकदा रागाच्या भरात त्रिवेदींना बोलून बसले होते, की माझा हा एक भुंगेरा नवा निघू दे, नाही निघाला तर किल्ली तुमच्या हातात देते आणि उरलेली नोकरी एफवायला बेडूक शिकवते. असं बोलायचं नसतं. पण बोलले होते आणि मनातून ते खरंही होतं. इतकी वर्षं मी इतरांनी नाव दिलेल्या किड्यांना त्यांची त्यांची नावं बरोबर लावत आले. हा अमका, तो तमका. ते काम मला येतं, आणि त्यात मी कुणाला हार जाणार नाही. पण एकदा, एकदाच, ज्याला कुणीच नाव दिलेलं नाही अशा जिवाकडे बघून हा अमुक नाही, तमुक नाही, हा नवा आहे असं म्हणायचं आणि ते खरं ठरायचं, एवढीच इच्छा होती. इच्छा कसली, हावच होती. तिला सभ्य नाव द्यायचं कारण नाही.

तो मला सापडला तो आमच्या कुळदैवताच्या डोंगरावर. बडोद्याच्या आमच्यासारख्या घरांचं कुळदैवत नेहमी कुठल्या तरी लांबच्या घाटात असतं. पूर्वज गायकवाडांच्या मागं इकडे आले, देव तिकडेच राहिला. कोयनेच्या वरच्या अंगाला, एसटी जिथं दमून थांबते तिथून पुढे चढून जावं लागतं. देवळाच्या मागं रान आहे, दाट, दिवसाही हिरव्या काळोखाचं, आणि पायाखाली पाचोळ्याचा थर इतका जाड की पाऊल टाकलं की थोडं खाली जातं आणि मग कुणीतरी हळूच वर उचलल्यासारखं होतं. बाकीचे अभिषेकाला बसले आणि मी घरून आणलेली पिठाची चाळण काढली. गुरव धावत आला. देवाच्या रानातलं पान न्यायचं नाही, काडी न्यायची नाही. मी म्हटलं, पान नेणार नाही, पान परत ठेवीन, पानाखालचं तेवढं नेईन. त्यानं बराच विचार केला. देवाचा नियम पानापर्यंत होता, त्याखालच्याबद्दल देव काही बोललेला नव्हता. शेवटी त्यानं परवानगी दिली. मग मी पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पाचोळा चाळत बसले. सासरे देवळातून पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं होतं की ही बाई आपल्या ओळखीची नाही. चाळणीतून माती पडते, कोळी पडतात, गोमी पडतात, आणि मग काही क्षण सगळं स्तब्ध असतं, आणि मग एक काळा ठिपका ठरवून पळायला लागतो. त्याला नळीनं तोंडानं ओढून बाटलीत घ्यायचं. हातभर उजेडात तो मला दिसला. तांदळाच्या दाण्याहून लहान. डोकं काळंभोर, पाठीवर निळसर झाक, आणि पंखांचं झाकण इतकं आखूड की अंगात बंडी घालून खाली काही न घालताच कुणी बाहेर पडावं. धोक्याची चाहूल लागताच त्यानं शेपटी विंचवासारखी वर केली, डंख नसताना. त्याची ती ऐट मला फार आवडली. आपल्याकडे नांगी नाही हे ठाऊक असूनही जो उचलतो, त्याच्याशी माझं जुळतं.

पण ऐटीवर जात ठरत नाही. या कुळात बाहेरून सगळे भाऊ भाऊ दिसतात. कोण कोण ते ठरतं नराच्या जननेंद्रियावरून. प्रत्येक जातीचा तो अवयव निराळ्या घडणीचा, कुलपाला किल्ली असावी तसा. म्हणून पोट उघडायचं, केसापेक्षा बारीक सुईनं तो अवयव सोडवायचा, काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघून त्याचं चित्र काढायचं. मी घरी चित्रं शाईनं गिरवत असे तेव्हा एकदा सासऱ्यांनी, अप्पांनी, चष्मा सरसावून विचारलं होतं की हे काय आहे, मोठं सुबक आहे. मी म्हटलं, किल्ली आहे. त्यांनी बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, कारागीर चांगला होता. देवेंद्रला मात्र खरं माहीत होतं. तो मित्रांमध्ये सांगायचा की आमची ही दिवसभर जे बघते ते आम्ही तोंडानंसुद्धा म्हणू शकत नाही. तर या भुंगेऱ्याची किल्ली मी मन लावून काढली होती. टोकाशी एक आकडा, मासे धरायच्या गळासारखा, एका बाजूला वळलेला. चित्रात तो डावीकडे वळला होता. खाली मी सुबक अक्षरात लिहिलं होतं : वरून पाहिल्याप्रमाणे. जुन्या निलगिरीच्या जातीच्या चित्राखालीही तेच शब्द होते आणि आकडाही डावीकडेच होता. मला ते साम्य दिसलं नव्हतं असं नाही. पण बाकीचं सगळं वेगळं होतं, डोक्यावरचे खड्डे, पाठीची झाक, पायांचा रंग, आणि मी मनाशी म्हणत राहिले की आकडा जुळत असला तरी माणूस निराळा आहे. ब्राउनफेल्स यांनी माझं ते मनाशी म्हणणं एका फॅक्समध्ये खाली बसवलं. रंगाचं काय, रंग बदलतात. किल्ली बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा उघडेना. पापणी वांग्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं, आणि मी किड्याचं शास्त्रीय नाव सांगितलं तर ते म्हणाले, एवढं माहीत होतं तर चोळलात कशाला? त्यांनी मलम भरून डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली, आग आणि पाणी यांपासून लांब राहा म्हणाले, म्हणजे स्वयंपाकघर बंद. मी गॅलरीत बसून राहिले. एका डोळ्यानं बघताना सगळं चपटं होतं; समोरच्या सोसायटीची टाकी आणि तिच्या मागचं कडुलिंबाचं झाड एकाच कागदावर काढल्यासारखी दिसत होती. मी ते चित्र, भुंगेऱ्याचं, मांडीवर घेऊन बसले होते. आधी मला वाटलं, फॅक्सनं काहीतरी उलटंपालटं केलं असेल. मग आठवलं, फॅक्स व्हॉल्व्हची ड्रॉइंगं रोज पाठवतो आणि जर्मनीत ते व्हॉल्व्ह सरळच बसतात. मी कागद गोल गोल फिरवला. वरचं खाली केलं, आडवा धरला. आकडा कुठल्याही दिशेला तोंड करो, त्याचं वळण तेच राहत होतं. डाव्या पायातली चप्पल जमिनीवर कितीही गोल फिरवा, ती डावीच राहते. मला त्या आकड्याचा राग यायला लागला. मग माझाच यायला लागला. मनातल्या मनात मी खोलीची किल्ली त्रिवेदींच्या टेबलावर ठेवून पाहिली. ठेवताना कसा आवाज होईल, ते पेपरवेट कुठे सरकवतील. आपण हरलो आहोत ही गोष्ट अंगात कुठे जाऊन बसते हे मला तेव्हा कळलं : ती मानेच्या मागच्या बाजूला बसते, आणि माणूस उगाच मान चोळत राहतो.

रविवारी स्वयंपाक तात्पुरत्या लावलेल्या बाईंनी करून ठेवला, पण त्या निघून गेल्यामुळे वाढायला कुणी नव्हतं. अप्पांचं ताट ही आमच्या घरातली सोपी गोष्ट नाही. अप्पा संस्थानच्या जमाबंदी खात्यात कारकून म्हणून लागले आणि मुंबई राज्य, मग गुजरात राज्य असं होत होत मामलेदार होऊन निवृत्त झाले. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. सरकारं बदलली पण ताट बदललं नाही. वर मधोमध मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाज्या, वरणभात समोर. डायनिंग टेबल आलं, स्टीलचं ताट जाऊन काचेची प्लेट आली, तरी हे कायम. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते वाढत आले, इतकी की हात आपोआप चालतात. त्या दिवशी देवेंद्र म्हणाला, तू बस, मी वाढतो. आयुष्यात पहिल्यांदा. कारखान्यात शंभर माणसं त्याच्या हाताखाली आहेत, पण कोशिंबिरीची पळी त्यानं पाना धरावा तशी धरली. तो टेबलाच्या पलीकडे, अप्पांच्या समोर उभा राहिला आणि मोठ्या काळजीनं एकेक जिन्नस ठेवत गेला. सगळं झाल्यावर माझ्याकडे बघून हसला. अप्पांनी ताटाकडे पाहिलं आणि हात मांडीवरून वर आणलाच नाही.

"चटणी उजवीकडे?" ते म्हणाले.

देवेंद्र म्हणाला, "डावीकडे आहे, अप्पा. ही काय माझी डावी."

"तुझी डावी घेऊन मी काय करू? जेवतोय कोण?" अप्पांचा आवाज चढला नाही, जमाबंदीतल्या माणसाला आवाज चढवायची गरज पडत नसे. "डावी-उजवी ठरते ती ताटावर बसणाऱ्याची. वाढणाऱ्याला बाजू नसते."

देवेंद्रनं सगळं उचलून पुन्हा वाढायला घेतलं, पुटपुटत, आणि अप्पा शांतपणे वाट बघत बसले, आणि मी माझ्या एका डोळ्यानं त्या ताटाकडे बघत राहिले. मला आधी फक्त गंमत वाटली. मग एकदम गंमत वाटेनाशी झाली. वाढणाऱ्याला बाजू नसते. मी चित्राखाली लिहिलं होतं, वरून पाहिल्याप्रमाणे. वरून म्हणजे कुणाच्या वरून? भुंगेऱ्याच्या पाठीकडून. पण पाठ कुठे होती? पोट उघडताना पाठीवरचं निळं कवच मोडू नये म्हणून मी त्याला उताणा ठेवला होता. उताणा ठेवून, पोटाच्या बाजूनं कापून अवयव काढला होता आणि जसा निघाला तसाच, उताणाच, काचेवर ठेवला होता. वरून पाहत होते ती मी. माझं वरून. त्याच्या दृष्टीनं ते खालून होतं. टेबलाच्या पलीकडे उभं राहून मी माझ्या डावीला डावी म्हटलं होतं आणि त्यावर शाईनं सुबक अक्षरात शिक्का मारला होता. कागद मी गोल फिरवून फिरवून थकले, पण पालथा घालायचं मनात आलं नाही. चप्पल फिरवली तर डावीच राहते; पालथी घातली तर तिचा आकार उजवीचा होतो.

मी ताटावरून उठले. आमच्या घरात अप्पांच्या आधी कुणी ताटावरून उठत नाही, सूनबाई तर नाहीच. अप्पांनी वर पाहिलं. मी म्हटलं, अप्पा, माझं डावं-उजवं चुकलं होतं. ते म्हणाले, तुझं कसं चुकेल, वाढलं यानं. मी देवेंद्रला म्हटलं, मला डिपार्टमेंटला सोड. तो म्हणाला, आज रविवार आहे, एका डोळ्यावर पट्टी आहे आणि तू अजून भात घेतलेला नाहीस. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हात धुवायला गेला. पुलावरून जाताना मी त्याच्या पाठीमागे बसून हसत होते. तो विचारत होता, काय झालं, आणि मी सांगत होते, पण हेल्मेटमुळे त्याला ऐकू येत नव्हतं, आणि तरी तो हं हं करत होता.

खोली उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला तो आयुष्यात पहिल्यांदा अत्तरासारखा वाटला. जुना पितळी सूक्ष्मदर्शक एका डोळ्याचाच आहे, म्हणजे माझ्या पट्टीनं त्याचं काही अडत नव्हतं. मी ती काच काढली, कडेला कोमट पाणी सोडलं, वरची बारीक काच सैल व्हायची वाट बघितली. घाई केली तर तुटतं. देवेंद्र खिडकीशी उभा राहून पेट्यांवरची नावं वाचत होता आणि मी त्याला बोलू नको म्हटलं, तो बोलत नसतानाही. मग सुईच्या टोकानं तो अवयव, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, मधाच्या रंगाचा, ग्लिसरिनच्या थेंबात हलकेच पालथा केला. तो सावकाश वळला. झोपेत कूस बदलावी तसा. मी नळीला डोळा लावला. आकडा उजवीकडे होता. मी डोळा काढला, परत लावला. उजवीकडेच होता, स्वच्छ, ठाम, जसा काही तो डोंगर तयार झाला तेव्हापासून उजवीकडे वळून माझी वाट बघत होता. निलगिरीवाल्याचा डावा, ह्याचा उजवा. आणि पालथा केल्यावर आणखी एक गोष्ट दिसली जी उताण्या बाजूनं कधीच दिसली नसती, आकड्याच्या मुळाशी तीन बारीक दात. जुन्या वर्णनात दात नाहीत. मी देवेंद्रला हाक मारली. त्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, कुठे बघायचं असतं? मी त्याचं डोकं धरून नळीवर नीट बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "थ्रेड उलटा आहे."

मी म्हटलं, हो, चित्राच्या उलट, उलट्या आट्यांच्या स्क्रूसारखा. मला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला की सांगता येत नाही. व्हॉल्व्ह करणाऱ्याला जे एका नजरेत कळलं ते मी आणि युरोपातला सर्वांत मोठा जाणकार, दोघांनी मिळून एक कागद फिरवत चुकवलं होतं. एक नर उजवा निघाला म्हणून जात उजवी होत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढचे काही दिवस मी त्याच्यासोबत डोंगरावरून आणलेला बाटलीतला एकेक नर मऊ करून उघडला. प्रत्येक जण उजवा निघाला, आणि प्रत्येकाला ते तीन दात होते. शेवटच्याला उघडलं तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं आणि टेबलाभोवती एक फेरी मारली. नाचले असं म्हणणार नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी प्राणिशास्त्राच्या खोलीत जे करता येतं ते केलं. मग दोन्ही बाजूंनी नवी चित्रं काढली, पाठीकडून आणि पोटाकडून, आणि कुठलं कुठलं ते इतकं ठळक लिहिलं की आंधळ्यालाही वाचता यावं. माझी चूक काय झाली तेही साफ लिहिलं. गोरव्याच्या फॅक्समधून कागद निघाले, आणि मग काहीच आलं नाही. आठवडे गेले, दिवाळी गेली. मी मात्र थांबले नव्हते. वर्णन लिहून काढलं, नाव ठरवलं. लॅटिनमध्ये उजव्याला 'डेक्स्टर' म्हणतात. संध्याकाळी अप्पांना सांगितलं की किड्याचं नाव उजवा ठेवलंय. त्यांनी विचारलं, कशापेक्षा? मी म्हटलं, निलगिरीच्यापेक्षा. ते म्हणाले, मग ठीक आहे, आपल्या देवाच्या डोंगरावरचा आहे, उजवाच असणार. त्रिवेदीसाहेबांना मी एवढंच म्हटलं की किल्ली देत नाही. ते म्हणाले, पण युरोपमधून काही आलं नाही ना अजून? मी म्हटलं, नाही आलं. भुंगेरा त्यांना विचारून उजवा झालेला नाही. हे मी इतक्या गोड आवाजात म्हटलं की ते खोलीचं नंतर बघू म्हणाले. घरी येताना मला जाणवलं की मान दुखत नाहीये. कुणी हो म्हणो न म्हणो, मला माहीत होतं. असं माहीत असणं मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. आजवर मला जे जे माहीत होतं ते कुणीतरी आधी छापलेलं होतं.

फोन आला तो सकाळी, मी आंघोळीला गेले असताना. अप्पांनी उचलला. दारातून मला त्यांचं जुनं, दिवाणी इंग्रजी ऐकू येत होतं. आपण कोण बोलत आहात हे कळण्याचा मान मिळेल काय, सूनबाई स्नानाला गेल्या आहेत, कृपा करून थांबावं, आपल्याकडे हवापाणी कसं आहे. मी ओल्या केसांनी धावत आले तेव्हा ते पलीकडच्याला सांगत होते की बडोद्यात नोव्हेंबर सुखाचा असतो. रिसीव्हर माझ्या हातात देताना म्हणाले, कुणी तपकिरी आडनावाचे साहेब आहेत, आवाज वृद्ध वाटतो.

डॉ. ब्राउनफेल्स यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाले, बाई, उत्तराला उशीर झाला, कारण माझा विश्वास बसला नव्हता. म्हणून मी खाली जाऊन आमच्या संग्रहातला तो खण काढला. निलगिरीची जात म्हणून जे भुंगेरे तिथे आहेत त्यांतले काही तुमच्याच डोंगरांतले आहेत, कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं पाठवलेले. माझ्या गुरूंनी त्यांना ते जुनं नाव लावलं, मी माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्यावरूनच शिकवलं. पण पोट कुणी उघडलं नव्हतं. ते सगळे कार्डावर पोटाच्या बाजूनं डिंकानं चिकटवलेले होते, वरून छान दिसतात. मी ते आता उघडले. सगळे उजवे आहेत, ते म्हणाले. तुमचे आहेत. तुमचा लेख छापायला जाईल तेव्हा त्यांचाही त्यात उल्लेख व्हावा असं मला वाटतं. आणि एक विनंती होती. गुरूंची चिठ्ठी टाचणीवरून आम्ही कधी काढत नाही, ती राहील. पण तिच्याखाली तुमच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि खणावरचं नाव बदलायचं, तर त्यासाठी मला आपली परवानगी हवी.

मी लगेच उत्तर दिलं नाही. केसांतलं पाणी पाठीवरून खाली चाललं होतं आणि मला थंडी वाजत होती, पण मी गप्प उभी राहिले. आजवर परवानगी म्हटली की ती मी मागायची. रजेची हेडकडे, स्पिरिटची स्टोअरकीपरकडे, पाचोळ्याची गुरवाकडे, रविवारी घराबाहेर पडायची ताटावर बसलेल्यांकडे. मागायची सवय इतकी मुरलेली होती की द्यायची कशी हेच मला आठवेना. पलीकडे समुद्राखालून काहीतरी करकरत होतं आणि एक म्हातारा माणूस, ज्याच्या शब्दापुढे जगात शब्द नव्हता, माझ्या शब्दासाठी थांबला होता. मी त्याला थांबू दिलं. मनापासून, चव घेत घेत, थांबू दिलं.

मग म्हटलं, "लावा."

मी रिसीव्हर ठेवला. अप्पा तिथंच खुर्चीचा हात धरून उभे होते.

"काय म्हणत होते साहेब?"

"परवानगी मागत होते."

अप्पांनी मान हलवली. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"मग? दिलीस?"

"दिली," मी म्हटलं.